एकच मोठी एनव्हीएमई बरी
गेमिंग पीसीसाठी ५०० जीबीची एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह) आणि जोडीला २ टीबीची हार्ड डिस्क घेऊ का, असं एकाने विचारलंय. मी तरी नाही घेणार. हल्लीचे बरेच मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात. विंडोज टाकल्यावर ५०० जीबीत तीन-चार बसले तरी खूप. सरळ १ किंवा २ टीबीची एकच एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान एसएसडी) घ्या. हार्ड डिस्क असलीच तर फोटो आणि बॅकअपपुरती.

एनव्हीएमई जेन ४ घ्यावी की जेन ५ (म्हणजे जोडणीची चौथी की पाचवी पिढी) यावर डोकं शिणवू नका. साटा (जुन्या, सावकाश जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चांगली जेन ४ सात हजारांच्या आसपास. म्हणून गेम काही बारा-तेरापट लवकर उघडत नाही, कारण दाबून साठवलेला (कॉम्प्रेस्ड) डेटा उलगडायचं काम बहुतेक वेळा प्रोसेसरच्याच गळ्यात असतं. खरी उडी जाणवते ती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना.

आणि हो, मदरबोर्डचं मॅन्युअल आधी वाचा (कोण वाचतं म्हणा!). मी मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमध्ये दुसरी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब. तीनदा केबल काढून-घालून झाल्यावर कळलं, तो स्लॉट भरला की दोन साटा पोर्ट बंद होतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावली, आली परत.