डोरा जॉर्डनला ड्यूकने फसवलं की नाही?

दिवाकर_ठाणे: डोरा जॉर्डनचं नाव निघालं की लोक आधी 'राजाने ठेवलेली' म्हणतात, याचा वैताग येतो. आयरिश नटी, जन्म १७६१. डब्लिनच्या थिएटर मालकापासून दिवस गेलेले असताना, १७८२मध्ये आईला घेऊन इंग्लंडला पळाली. यॉर्कशरच्या टेट विल्किन्सनने आपल्या नाटक कंपनीत घेतलं. बायबलमधली जॉर्डन नदी ओलांडावी तशी पाणी ओलांडून आलीस, मग जॉर्डनच हो, म्हणाला. आडनाव तिथून. १७८५ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात 'द कंट्री गर्ल' केलं आणि लंडन जिंकलं. पुढे ड्यूक ऑफ क्लॅरेन्ससोबत (म्हणजे नंतरचा इंग्लंडचा राजा चौथा विल्यम) २० वर्षं, १० मुलं. बाळंतपण उरकलं की पुन्हा रंगमंचावर. आणि १८११मध्ये त्याला पैसेवाली बायको हवी झाली, तर हिला पत्राने निरोप! हा विश्वासघातच.

हिशेबी_वहिनी: विश्वासघात? वर्षाला ४,४०० पौंड ठरले होते. त्या काळात कुठल्या नटीला मिळाले असते?

दिवाकर_ठाणे: वहिनी, अटही सांगा ना. पुन्हा नाटकात उभी राहिलीस तर धाकट्या मुली ड्यूककडे, आणि त्यांच्या खर्चाचे पैसेही परत त्याच्याकडे. जिचं पोट नाटकावर, तिला ही अट?

प्रॉम्प्टर: चेल्टनहॅमचा प्रसंग सांगतात तो ऐका. पत्र हातात पडलं त्या रात्री तिचा प्रयोग होता, 'द डेव्हिल टू पे'. नेलचं काम. एका जागी तिने खदखदून हसायचं, तर हिला हुंदकाच फुटला. समोरच्या नटाने वाक्य फिरवलं: जादूगाराने तुला नुसती दारू नाही पाजली, रडकी दारू पाजली! प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलंच आहे. सोबतचा नट असा हवा.

हिशेबी_वहिनी: प्रसंग हृद्य आहे, मान्य. पण तिला बुडवलं जावयाने. हिने विश्वासाने सह्या करून दिलेल्या कोऱ्या कागदांवर त्याने कर्ज उचललं. म्हणून १८१५ला फ्रान्सला पळावं लागलं. त्यात ड्यूकचा काय दोष?

दिवाकर_ठाणे: पळाली, आणि १८१६च्या जुलैत पॅरिसजवळच्या सें-क्लूला वारली, हलाखीत. ज्याच्या घरात हिची कमाई जायची तो तेव्हा कुठे होता? कोण कोणाला पोसतंय, अशी लंडनभर चेष्टा चालायची.

गडवेडा: वाद चालू द्या, पण हे माहीत होतं का? तिचा मुलगा लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरेन्स मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. १८५४ला आपल्या पुरंदरावर वारला. गडावर इतक्यांदा गेलो, कधी कळलं नव्हतं.

हिशेबी_वहिनी: वा, नवीन माहिती! आणि दिवाकर, १८३०ला राजा झाल्यावर ड्यूकने शिल्पकार चँट्रीकडून तिचा पुतळा करून घेतला. विसरला असता तर केला असता?

दिवाकर_ठाणे: मेल्यावर चौदा वर्षांनी. तोही मांडीवर मूल घेतलेली आई म्हणून. नटी कुठाय त्यात?

हिशेबी_वहिनी: पायाशी नाटकाचा मुखवटा आहे. फोटो नीट बघ.

दिवाकर_ठाणे: पायाशीच ना!