करारात ‘आरएफ प्लॅन’ची व्याख्या नक्की कशी लिहायची? (पाटण तालुका, ५.८ गिगाहर्ट्झ, अडकलेलं बिल)

पोलवाला_कराड

नमस्कार मंडळी. मी कराडचा. आधी केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, मग फायबर, आणि आता सहा वर्षं पोल उभे करून त्यावर रेडिओ चढवायची कामं घेतो. माणसं आठ, एक पिकअप, एक वेल्डिंग मशीन. खेड्यांत वायरलेस इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीच्या १४ साइट गेल्या वर्षी केल्या, काही ढेबेवाडी खोऱ्यात, काही पाटणच्या वर. नाव घेत नाही, पैसे अजून यायचेत.

करारात या विषयावर एवढंच होतं: ‘कंत्राटदार सर्व काम कंपनीच्या आरएफ प्लॅननुसार करील. सदर प्लॅन कंपनी वेळोवेळी पुरवील व त्यात बदल करील.’ (आरएफ प्लॅन म्हणजे कोणत्या जागी, किती उंचीवर, कोणत्या दिशेला रेडिओ लावायचा त्याचा आराखडा.) प्लॅन जोडलेला नव्हता. सही झाल्यावर तीन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेल आली. नाव ‘फायनल’. त्यात सगळे पोल १५ मीटरचे. मी त्या हिशोबाने खड्डे घेतले, पाया भरला. मग ‘फायनल २’ आली, त्यात चार पोल १८ मीटर. पाया फोडून नवा केला, ताणाचे अँकर लांब नेले. मग ‘फायनल लेटेस्ट’. त्यात परत दोन पोल १५ वर! जादा कामाचं बिल लावलं तर म्हणाले, प्लॅन बदलायचा अधिकार करारातच आहे.

दुसरं दुखणं मोठं. आठ किलोमीटरची एक लिंक, म्हणजे समोरासमोरच्या दोन डिशमधली रेडिओजोडणी, मे महिन्यात लावली. सिग्नल उणे ६५ डीबीएम (उण्यापुढचा आकडा मोठा झाला की सिग्नल कमजोर), त्यांचा इंजिनीअर खूश, स्क्रीनशॉट आहे. जुलैत तीच लिंक उणे ७९ वर. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. कंपनी म्हणते डिशचा अँगल तुम्ही चुकवला, म्हणून १० टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) रोखलं आणि वर दंड. मी भर पावसात दोनदा वर चढून बघितलं, क्लॅम्प जागचा हललेला नाही.

आता दुसऱ्या एका कंपनीचं २२ साइटचं काम येतंय. त्यांच्या करारातही ‘आरएफ प्लॅननुसार’ हेच दोन शब्द आहेत. ते म्हणतात, तुम्हीच व्याख्या लिहून द्या, आम्ही बघतो. काय लिहू? मला मराठीत कळेल असं सांगा, वकिली इंग्रजी मी बनवून घेईन.

गंजलेला_नटबोल्ट

भाऊ, पहिली चूक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शीटवर पाया भरायची. आमच्या नाशिककडे मी एक नियम पाळतो, सहीचा कागद हातात आल्याशिवाय जेसीबी येत नाही. आणि प्रत्येक पोलचे फोटो तारीख आणि लोकेशन छापून येणाऱ्या कॅमेरा अ‍ॅपने काढा. पाया भरायच्या आधी, भरल्यावर, टेप लावून. भांडण झालं की फोटो बोलतात.

टिल्ट_तीन_अंश

दादा, मी १२ वर्षं आरएफ प्लॅनिंग केलंय, म्हणजे तुम्हाला ‘फायनल लेटेस्ट’ पाठवणाऱ्यांच्या बाजूने. तेव्हा आधी त्या टेबलावरून माफी मागते.

व्याख्येआधी तुमच्या जुलैबद्दल. त्या आठ किलोमीटरच्या मधे सागाची झाडं आहेत का? साग उन्हाळ्यात उघडाबोडका असतो, पहिल्या पावसाबरोबर पालवतो आणि जुलैपर्यंत सुपाएवढी पानं धरतो. दोन डिश एकमेकींना दिसल्या म्हणजे लिंक मोकळी, असं नसतं. ५.८ गिगाहर्ट्झला आठ किलोमीटरच्या मधोमध पहिल्या फ्रेनेल झोनची (दृष्टिरेषेभोवतीचा लांबट पट्टा, ज्यातून बहुतेक सिग्नल जातो) त्रिज्या साधारण १० मीटर भरते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेखाली ६ मीटर तरी, रिकामा लागतो. मेमध्ये तिथे काड्या होत्या, जुलैत ओली पानं. पावसावर ढकलायचा प्रयत्न होईल, तो मान्य करू नका. पाऊस सिग्नल खातो तो १० गिगाहर्ट्झच्या वर. ५.८ ला आठ किलोमीटरमध्ये तो १४ डीबी खाऊच शकत नाही.

तुमची उणे ६५ बरोबर होती हे कागदावरही दाखवता येतं. आठ किलोमीटरला मोकळ्या हवेतला लॉस (सिग्नलची घट) सुमारे १२६ डीबी. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या विनापरवाना पट्ट्यात आपल्याकडे ३६ डीबीएम ईआयआरपीची (रेडिओची पॉवर अधिक डिशमुळे मिळणारी वाढ, म्हणजे गेन) मर्यादा आहे. पलीकडे २५ डीबीआय गेनची डिश धरली तर ३६ वजा १२६ अधिक २५, उत्तर उणे ६५. मे महिन्यात अँगल चुकलेला असता तर हा आकडा आलाच नसता.

आता हे करा: त्या रेडिओचा जून-जुलैचा सिग्नलचा आलेख कंपनीकडे लेखी मागा. त्यांच्या सर्व्हरवर तो असतो. डिश वाऱ्याने फिरली असती तर आलेख एका रात्रीत कोसळला असता. पानं एका रात्रीत येत नाहीत. आलेख तीन-चार आठवडे हळूहळू उतरला असेल तर ते तुमचं काम नाही, मे महिन्यात सर्व्हे करून झाडं शून्य धरणाऱ्याचं आहे. येत्या उन्हाळ्यात पानं गळल्यावर सिग्नल आपोआप चढला तर तोही आलेख ठेवून द्या.

आता व्याख्या. मी असं लिहीन:

‘आरएफ आराखडा म्हणजे या कराराला परिशिष्ट ब म्हणून जोडलेला, दोन्ही पक्षांनी प्रत्येक पानावर सही केलेला, आवृत्ती १.० व दिनांक अमुक असा दस्तऐवज. तसेच दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने निघालेली त्याची पुढील क्रमांकाची आवृत्ती. अन्य कोणतीही एक्सेल शीट, ईमेल, संदेश किंवा तोंडी सूचना म्हणजे आरएफ आराखडा नव्हे.’

शेवटचं वाक्य काढायला सांगतील. काढू नका.

मग परिशिष्टात काय असलंच पाहिजे हे करारातच लिहा, नाहीतर रिकाम्या पानावर सह्या होतात. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत. चौथ्या स्थळाला ११ मीटरचा फरक पडतो, पाचव्याला एकच. आमच्याकडे एकाने १७.३० हे १७ अंश ३० मिनिटं असं वाचलं होतं. खरं तर ते १७ अंश १८ मिनिटं. फरक २२ किलोमीटर, दुसऱ्याच डोंगरावर सर्व्हे करून टीम परत आली, आणि गाडीभाडं कुणी द्यायचं यावर दोन महिने ईमेल चालले. उंची म्हणजे जमिनीपासून डिशच्या मध्यबिंदूपर्यंत, असं स्पष्ट लिहा. गच्चीवरच्या साइटला इमारतीची उंची वेगळी आणि पोलची वेगळी. दिशा खऱ्या उत्तरेपासून, अधिक-उणे किती अंश चालेल तेही. (होकायंत्र पोलला चिकटून धरू नका, सुई उत्तर सोडून लोखंडाकडे बघते. दहा पावलं मागे जाऊन वाचायचं.) डिशचं मॉडेल, ध्रुवीकरण (लहरी उभ्या की आडव्या), चॅनल, त्याची रुंदी, ट्रान्समिट पॉवर. पॉवर अधिक डिशचा गेन ही बेरीज ३६ डीबीएमच्या वर जाताना दिसली तर सही करू नका. रेडिओत कंट्री कोड (कोणत्या देशाची मर्यादा पाळायची ती सेटिंग) बदलून पॉवर वाढवायला तुमच्याच पोराला सांगतात, आणि नोटीस आली की त्याचं नाव पुढे करतात.

प्रत्येक लिंकखालच्या जमिनीचा उभा छेद जोडलेला हवा, त्यात झाडांची उंची किती धरली आणि सर्व्हे कोणत्या महिन्यात केला हे लिहिलेलं. मी स्वतः हे कधी लिहीत नव्हते. कोणी मागितलंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यावर तुमचे पैसे ठरतात. हाताने करायच्या गोष्टी आणि हवेत घडणाऱ्या गोष्टी करारात वेगळ्या करा. पोलची उंची, ओळंबा, डिशची दिशा, अर्थिंग, कनेक्टरची सीलिंग ही तुमची जबाबदारी. ती आराखड्याबरहुकूम असली की बिल मंजूर. अपेक्षित सिग्नल आराखड्यात लिहिलेला असावा, समजा उणे ६५ अधिक-उणे ३, आणि तो लावल्याच्या दिवशी एकदा मोजून दोघांनी सही करावी. त्यानंतर सिग्नल पडला तर तो आराखडा ज्याने केला त्याचा. ‘कव्हरेज समाधानकारक असेल’ असं वाक्य कुठेही शिरू देऊ नका. समाधान कोणाचं?

बदलांचं कलम सोपं आहे. आवृत्ती बदलली की तुम्ही सात दिवसांत जादा खर्च आणि जादा दिवस कळवायचे, त्यांची लेखी मंजुरी येईपर्यंत त्या साइटचं काम थांबलेलं, आणि थांबलेले दिवस मुदतीत धरायचे नाहीत.

काळा_कोट_सातारा

ताईंनी तांत्रिक बाजू नेमकी मांडली आहे, मी कायद्यापुरतं बोलतो.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ६७ वाचा. करून घेणाऱ्याने करणाऱ्याला वाजवी सोय करून दिली नाही, तर तेवढ्यापुरती करणाऱ्याची सुटका होते. कायद्यातलं उदाहरण तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: घर दुरुस्त करायचा करार झाला, पण मालक दुरुस्ती कुठे करायची ते दाखवतच नाही. दुरुस्ती न होण्याचं कारण तेच असेल तर कारागिराला दोष नाही. बिनआराखड्याची साइट याहून वेगळी नाही.

कलम २९ ही लक्षात ठेवा. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो रद्दबातल. पण त्यावर फार उड्या मारू नका. सगळा करारच रद्द ठरला तर तुमचा दरही त्याबरोबर जातो. नव्या करारात व्याख्या घट्ट करणं हाच शहाणपणा.

‘वेळोवेळी बदल करील’ यातून त्यांना बदलायचा अधिकार मिळतो. फुकटात बदलून घ्यायचा अधिकार त्यातून आपोआप निघत नाही. तुमच्या दरपत्रकात १५ आणि १८ मीटरचे वेगळे दर आहेत का, ते पाहा. असतील तर बाजू भक्कम.

तिन्ही ‘फायनल’ फाइली पुरावा आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तोवर त्या फाइली आलेला फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका आणि पोरांच्या हातात गेम खेळायला देऊ नका. उद्यम (लघुउद्योग) नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याच्या कायद्याचा विचार करता येतो, पण पाया, पोल, रेडिओ असं एकत्र काम ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ (माल आणि मजुरी एकत्र असलेलं कंत्राट) धरलं गेलं तर मुंबई उच्च न्यायालयाची मतं विरोधात गेलेली आहेत. कागद दाखवल्याशिवाय पुढे बोलत नाही.

पोलवाला_कराड

ताई, वकीलसाहेब, नटबोल्टभाऊ, तिघांचे आभार. साग आहेच. लिंकच्या बरोबर मधे एका शेतकऱ्याच्या बांधावर सव्वाशेक झाडं. मेमध्ये त्यांच्यातून आरपार पलीकडचं देऊळ दिसत होतं, म्हणून मीच इंजिनीअरला म्हणालो होतो, एकदम क्लिअर आहे साहेब. आता तेच आठवून कानाला खडा लावतोय.

आलेखासाठी ईमेल टाकला. उत्तर नाही. नव्या कंपनीला तुमची व्याख्या दाखवली, परिशिष्टावर सही करायला तयार आहेत, पण झाडांच्या उंचीचा रकाना नको म्हणतात. म्हणतात झाड आडवं आलं तर कंत्राटदाराने तोडून घ्यावं, तसं लिहू.

टिल्ट_तीन_अंश

मुळीच नको. साग खासगी जमिनीवरचा असला तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती जमीनमालकाने मागायची असते, तुम्ही नाही. रकाना नको असेल तर नसू दे. त्याऐवजी दरपत्रकात ‘पोल ३ मीटरने वाढवणे, पाया व ताणासह’ ही एक ओळ आत्ताच दरासकट घालून घ्या. जुलैत ते स्वतःच फोन करतील.