मेट्रोपोलिस: रोबोच्या आधी भोंगा
'मेट्रोपोलिस' हा फ्रिट्झ लांगचा १९२७चा जर्मन मूकपट. त्याचा वारसा म्हणजे तो धातूचा रोबो आणि क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'रेडिओ गा गा' गाण्याच्या १९८४ सालच्या व्हिडिओत वापरलेली दृश्यं, असं लोक म्हणतात. रोबोचं मान्यच, 'स्टार वॉर्स'मधला रोबो सी-थ्रीपीओ सरळ त्याच्यावरून आलाय. पण सोलापूरकराला तो सिनेमा भिडतो तो सुरुवातीच्या पाळीबदलाने. भोंगा होतो. खाली मान घातलेल्या रांगा आत जातात, शेजारून सुटलेली पाळी निम्म्या वेगाने बाहेर येते. घड्याळही दहा तासांचं! आमचे आजोबा गिरणीत मागावर होते, घरचं सगळं भोंग्यावर चालायचं. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "आत जाणारे एवढे ताठ कुठं चालतेत रे?" (ताठ नाहीत खरं तर, पण असो.)

आणखी एक. १९२७च्या बर्लिनमधल्या पहिल्या खेळानंतर सिनेमा इतका कापला की कथेचे धागेच तुटले. २००८मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात १६ मिमी फिल्मवरची, ओरखड्यांनी भरलेली प्रत सापडली, जवळपास २५ मिनिटं परत मिळाली. हा भाग जोडलेली २०१०ची आवृत्तीच बघा. ओरखडे आले की समजायचं, हा परत आलेला भाग.