नडगीवर नखाने अक्षरं उमटतायत इतकी त्वचा कोरडी, काय लावू?

कोरडाठाक
नमस्कार मंडळी, दर थंडीत हेच रडगाणं असतं पण यंदा अतिच झालंय. दोन्ही नडग्या अशा उलल्यात की नख फिरवलं तर पांढरी रेघ उमटते, काल लेकीने माझ्या पायावर फुली-गोळा खेळून दाखवला. रात्री मोजे काढले की आतून पिठासारखा कोंडा भुरभुर पडतो, काळे मोजे घालणंच सोडलंय. तीन क्रीमं आणून झाली, तिन्ही अर्धी अर्धी पडून आहेत. लावलं की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा खाज सुरू. पाणी तर दिवसाला तीन लिटर पितोय, त्याचाही काही उपयोग दिसत नाही. गंमत म्हणजे चेहरा मात्र नेहमीसारखाच तेलकट! चौथं क्रीम कुठलं आणू तेवढं सांगा.

साधीसुधी
चौथं आणूच नका. आंघोळीचं पाणी किती गरम घेता आणि क्रीम कधी लावता ते आधी सांगा.

कोरडाठाक
कढतच घेतो, आरसा पूर्ण धुरकट होईपर्यंत, वीस मिनिटं तरी. थंडीत तेवढंच एक सुख आहे हो. आंघोळ सकाळी, क्रीम रात्री झोपताना.

साधीसुधी
वाटलंच मला. तुमच्या तीन क्रीमांची काही चूक नाही.

थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं आणि तीच हवा खोलीत हीटरने तापवली की आणखी कोरडी होते, मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढते, त्यात आपली कातडीही आली. हे पाणी अडवायचं काम त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचं. तो नडगीवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग जाड असेल-नसेल, आणि त्यातल्या पेशींच्या मधे सेरामाइड वगैरे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात म्हणून पाणी आत टिकतं. कढत पाणी आणि साबण रोज नेमका तोच ऐवज धुऊन नेतात. चेहऱ्यावर तेलाच्या ग्रंथी भरपूर असतात, नडगीवर अगदी तुरळक, म्हणून चेहरा तुळतुळीत आणि पाय उललेले. वय वाढतं तसं ते तेलही कमी होत जातं.

आता करायचं काय, तर पाणी कोमट घ्या आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर या. साधा साबण अल्कधर्मी असतो, पीएच ९-१० च्या घरात, आणि त्वचेचा असतो ५ च्या आसपास, त्यामुळे साबण फक्त काखा, जांघा, पावलं इथेच लावा, नडगीला काय मळ लागतोय? टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावून मोकळे व्हा, बाथरूमच्या बाहेरही येऊ नका. तुम्ही सकाळी पाणी उडवून लावता आणि रात्री कोरड्याठाक कातडीवर झाकण घालता, मग आत धरून ठेवायला उरतंच काय!

आणि ते तीन लिटर... शरीरात पाणी खरंच कमी पडलेलं नसेल तर जास्त प्यायल्याने नडगी काही ओली होत नाही.

तेलवाला
एवढी भानगड कशाला? आम्ही वर्षानुवर्षं खोबरेल तेल लावतोय, काही होत नाही.

साधीसुधी
लावा की, तेल वाईट नाहीच. फक्त तेलात पाणी नसतं, ते असलेलं पाणी अडवून धरतं, म्हणून तेही ओल्या अंगावरच लावायचं. क्रीमचंही तसंच आहे. डबीवर ग्लिसरीन, युरिया दिसलं तर ते पाणी धरून ठेवणारे, पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन हे वरून अडवणारे, दोन्ही प्रकार असलेलं उत्तम. पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन म्हणजे बरंचसं पाणीच, फार कोरड्या पायांना घट्ट क्रीम नाहीतर मलमच बरं. आणि सुगंधी नको, उललेल्या कातडीवर झोंबतं.

भेगाळलेला
मधेच घुसतो, माझ्या टाचांना भेगा आहेत, चालताना कळ येते. दगडाने घासू का?

साधीसुधी
भेगांतून रक्त येत असेल तर अजिबात घासू नका, आधी जाड जेली लावून रात्री सुती मोजे घाला. भेग भरली की २०-२५ टक्के युरियाचं क्रीम मिळतं, ते घट्ट कातडी मऊ करतं, पण उघड्या भेगेत गेलं तर ब्रह्मांड आठवेल. मधुमेह असेल तर घरी प्रयोग नकोतच, सरळ डॉक्टर. आणि हो, जेलीने माखलेले मोजे घालून फरशीवर जपून चाला, शेकोटी-शेगडीजवळ तर बसूच नका, तेलकट झालेलं कापड पटकन पेटतं.

कोरडाठाक
दहा दिवसांनी सांगायला आलोय. कढत पाणी सोडताना जीवावर आलं, पहिले दोन दिवस कुडकुडलो आणि तुम्हाला मनातल्या मनात चार शब्दही सुनावले. पण चौथ्या दिवसापासून मोज्यात कोंडा नाही, नख फिरवलं तरी रेघ उमटत नाही, लेक नाराज आहे. नवीन काही आणलं नाही, जुन्यातलंच सगळ्यात घट्ट होतं ते वापरलं. फक्त डाव्या पोटरीवर नाण्याएवढा एक गोल लाल चट्टा आहे, तो काही हटत नाही, रात्री फार खाजतो आणि जरा ओलसरही असतो. तिथे घरात पडलेली खाजेची जुनी ट्यूब लावू का?

साधीसुधी
नका लावू, त्यात स्टेरॉइड असेल तर मूळ दुखणं दबून जातं आणि नायटा असला तर उलट पसरतो. असा गोल, ओला चट्टा एक्झिमाही असू शकतो, नुसतं बघून घरी कळत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना त्यावर काही थापून जाऊ नका, त्यांना नीट दिसू दे.

कोरडाठाक
बरं. उद्याच नंबर लावतो.