नॉमिनी लावला म्हणजे झालं?

वर एका सदस्याने लिहिलंय की फ्लॅट, बँक, डीमॅट (शेअर्स ठेवायचं खातं) सगळीकडे मुलाला नॉमिनी केलंय, मग मृत्युपत्राची भानगड कशाला? इथेच बहुतेकांची गफलत होते. नॉमिनी हा फक्त ताबा घेणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतःची मालमत्ता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांच्यात समान वाटली जाते. लग्न झालेली मुलगीही त्यात आलीच. आईचा वाटा मात्र लोकांच्या गावीही नसतो.

मृत्युपत्र करायला अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणी ऐच्छिक (मी तरी करून घेईन). दोन साक्षीदार मात्र हवेतच. आमच्या काकांनी आपल्याच वयाचे दोन मित्र घेतले. काकांच्या आधी ते दोघेही गेले, आणि सही खरी हे सिद्ध करताना चुलतभावाला घाम फुटला. म्हणून साक्षीदार वयाने लहान, शक्यतो फॅमिली डॉक्टर वगैरे, आणि ज्याला काही मिळणार नाही असाच घ्या.

गोव्यातल्या मंडळींनी हे जसंच्या तसं लावू नये. तिथे मुलं असतील तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो, मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच वाटणी करता येते.