चलनपुरवठा, द्रव्यपुरवठा की पैशाचा पुरवठा?

कॉलेज रोडहून : भारत आणि अमेरिका या दोन देशांत पैसा कसकसा वाढत गेला, यावर पदवीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. वर्तमानपत्रांत 'चलनपुरवठा' दिसतो, जुन्या क्रमिक पुस्तकांत 'द्रव्यपुरवठा', तर कुठे 'पैशाचा पुरवठा'. तिन्हींचा अर्थ एकच का? आलेखावर काय लिहू?

नाशिकरोडहून : ताई, 'चलनपुरवठा' नको. आमच्याकडे चलन म्हटलं की इथल्या सरकारी छापखान्यातल्या, प्रेसमधल्या, नोटाच डोळ्यांसमोर येतात. १९२८ पासून त्या इथे छापल्या जातात, आणि चलनाचा खरा अर्थही तोच : नोटा आणि नाणी. पण देशातल्या एकूण पैशाच्या ज्या मापाला रिझर्व्ह बँक एम३ म्हणते त्यात लोकांच्या हातातली रोख साधारण सातवा हिस्सा. बाकी सगळ्या बँकांतल्या ठेवी, त्यातही मुदत ठेवींचा वाटा सर्वांत मोठा.

नोव्हेंबर २०१६ आठवा. ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, मूल्याने ८६ टक्के चलन एका रात्रीत बाद झालं. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात माल विकणाऱ्याला रोख मिळणं अवघड झालं. तरी एम३ त्या प्रमाणात खाली आला नाही, कारण जुन्या नोटा बँकेत भरल्या की त्यांची ठेव होत होती. चलन आटलं, पैसा आटला नाही. हेच 'चलनपुरवठा' शब्द वापरून सांगायला जा, मुलं हमखास गोंधळतील.

सिन्नरहून : सहमत. शिवाय 'चलनवाढ' हा शब्द मराठीत भाववाढीसाठी पक्का रुळलाय. अमेरिकेचा एम२, म्हणजे रोख आणि बहुतेक ठेवी मिळून तिथल्या पैशाचं माप, फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १५.४ लाख कोटी डॉलर होता, २०२२ च्या सुरुवातीला सुमारे २१.७ लाख कोटी. आणि जून २०२२ मध्ये तिथला महागाईचा दर ९.१ टक्के. आता 'चलनपुरवठा वाढला, नंतर चलनवाढ झाली' असं लिहिलं, तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते वाचणाऱ्याला कसं कळणार? त्या प्रश्नावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद आहे. शब्दांनीच त्याचा निकाल आधी लावू नये.

'द्रव्य' विज्ञानाच्या पुस्तकाने घेतलं आहे. 'मुद्रा' म्हटलं की मराठी माणसाला शिक्का नाही तर चेहरा आठवतो.

कॉलेज रोडहून : पटलं. मग दोन्ही देशांचा एम३ घेऊ ना?

नाशिकरोडहून : घेता येणार नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मार्च २००६ मध्येच त्यांचा एम३ प्रसिद्ध करणं थांबवलं. आपल्या एम३ समोर त्यांचा एम२ ठेवा, पण खाली टीप हवीच : त्यांच्या एम२ मध्ये एक लाख डॉलरपेक्षा लहान मुदत ठेवीच धरतात, आपण सगळ्या धरतो. एम१, म्हणजे रोख आणि लगेच काढता येणाऱ्या ठेवी एवढंच मोजणारं माप, मात्र मुळीच घेऊ नका. मे २०२० पासून त्यांनी बचत ठेवी एम१ मध्ये घातल्या, त्यामुळे आलेखात एकदम उभा कडा दिसतो. तो नव्या पैशाचा नाही, बदललेल्या व्याख्येचा आहे.

रुपयांचे डॉलरही करू नका. तसं केलं की विनिमय दराची चढउतार पैशाच्या वाढीत मिसळते. महासाथीआधीची पातळी १०० धरा. आपला एम३ मार्च २०२० अखेर सुमारे १६८ लाख कोटी रुपये होता, दोन वर्षांनी सुमारे २०५. म्हणजे आपण १२२ वर आणि अमेरिका १४० च्या आसपास. मुलांना फरक एका नजरेत दिसेल.

सिन्नरहून : आलेखावर असं लिहा : 'पैशाचा पुरवठा, भारत (एम३) आणि अमेरिका (एम२)'. आकडा कुठला ते शीर्षकातच हवं.

पंचवटीहून : एक शंका. 'पैशाचा' की 'पैशांचा'?

सिन्नरहून : 'पैशाचा'. 'पैसा खेळता राहिला पाहिजे' म्हणतो तसा इथे तो एकवचनीच. 'पैशांचा' म्हटलं की मोजायची नाणी मनात येतात, आणि पुन्हा चलनापाशी येऊन थांबतो.