दिवसभर घर बंद असतं, कोणता पक्षी घ्यावा?

ठाणेकर_७७: दोघंही नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर बंद. नऊ वर्षांच्या मुलीला पोपट हवाय. शेजारी वयस्कर आहेत, त्यामुळे कर्कश आवाज नको. काय घ्यावं?

पाणवठा: आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट, डोंगरी मैना, मुनिया यातलं काहीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो. उरले बजी (छोटा ऑस्ट्रेलियन पोपट), कॉकटिएल (डोक्यावर तुरा असलेला मध्यम पोपट), लव्हबर्ड (आखूड शेपटीचा छोटा पोपट) आणि झेब्रा फिंच (चिमणीसारखा छोटा पक्षी). लव्हबर्डचा आवाज भिंतीपलीकडे जातो, शिवाय चावतो. त्यातली फिशर ही जात घेतलीत तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. तुमच्यासाठी बजी, तेही दोन नर. दिवसभर एकमेकांना सोबत होते. पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग बहुधा निळा असतो, मादीचा तपकिरी. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर मारामाऱ्या ठरलेल्या.

ठाणेकर_७७: कॉकटिएल जास्त माणसाळतो म्हणतात ना?

चिऊताई_पुणे: माणसाळतो, म्हणूनच एकटा ठेवून दहा तास बाहेर गेलात तर ओरडतो, पिसं उपटतो. पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे मुलगी कॉलेज संपवेल तरी तो घरात असेल. अंगावरून पांढरी भुकटी झडते. घरात दमेकरी असेल तर नकोच. रात्री दचकून पिंजऱ्यात आपटतो, छोटा दिवा चालू ठेवावा लागतो. फिंच हातावर बसायला येत नाही. नुसतं बघायचं असेल तर उत्तम, पण मुलीचा हिरमोड होईल.

पाणवठा: +१. आता पिंजरा, कारण खरा घोळ तिथेच होतो. दोन बजींना किमान ३० इंच लांब, १८ खोल, १८ उंच. गजांमधलं अंतर अर्धा इंच. पक्षी आडवा उडतो, त्यामुळे उंच गोल पिंजरा शोभेचाच. गॅल्व्हनाइज्ड जाळी नको, कुरतडून जस्त पोटात जातं. एकसारख्या जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा, नाहीतर पायांना फोड येतात. अंडी घालायचं मडकं मात्र टांगू नका. विकणारा 'नर-नर' म्हणून जोडी देतो, त्यात एक मादी निघते, ती अंड्यामागून अंडी घालते आणि कॅल्शियम कमी पडून अंडं अडकतं.

चिऊताई_पुणे: खाणं: राळे-बाजरीचं मिश्रण, एका पक्ष्याला रोज दीड-दोन चहाचे चमचे. वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती टरफलं असतात. रोज सकाळी फुंकर मारून खाली दाणे आहेत का ते बघा. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतात. नुसत्या दाण्यांवर चरबी वाढते, म्हणून कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला धुऊन द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) पिंजऱ्याला बांधा. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी.

ठाणेकर_७७: पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवणार होतो.

पाणवठा: तिथे अजिबात नको! नॉनस्टिक तवा रिकामा तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला लागून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. बाहेर सोडताना आधी पंखा बंद, मग खिडक्या, मग पिंजऱ्याचं दार. पहिले दहा-बारा दिवस बाहेर काढूच नका. मुलीने पिंजऱ्याजवळ बसून मोठ्याने धडा वाचावा, मग गजांतून राळ्याचं कणीस धरावं. रात्री साडेआठला कापड टाका, दहा-बारा तास झोप हवी.